वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या कुनुनुराला एकच दिवस हातात आहे. आई-बाबांना घेऊन लेक अर्गाइलला, म्हणजे ऑर्ड नदीवरच्या धरणाच्या जलाशयावर, जाण्यात अर्थ आहे का?

आहे, पण बोटीत बसणार असाल तरच. गाडीने जायचं, धरण बघायचं, रिसॉर्टच्या इन्फिनिटी पूलवर फोटो काढून परत फिरायचं, असा बेत असेल तर पेट्रोल वाचवा.

आम्ही डार्विनहून गेलो होतो, बरोबर साडूभाऊ. ते कराडचे, त्यामुळे धरण म्हटलं की कोयना. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवरच्या चौकीत त्यांची लिंबं-मिरच्या काढून घेतल्या (ताजी फळं-भाज्या, मध नेता येत नाही, हे निघतानाच सांगून झालं होतं), त्यामुळे स्वारी आधीच तापलेली. ऑर्ड नदीवरची भिंत दिसताच म्हणाले, "एवढंसंच? यासाठी आठशे किलोमीटर?"

भिंत आहेच लहान, 335 मीटर. कोयनेची 807. पण जागाच अशी चिंचोळी निवडली आहे की 98 मीटर उंचीच्या तेवढ्याशा भिंतीमागे सुमारे 380 टीएमसी पाणी मावतं. 1996 मध्ये सांडवा सहा मीटरने वाढवला, तेही धरून. कोयना 105. हिशेब तुम्हीच करा, साडूभाऊ करत नाहीत.

बोटीतून बेटं लागतात, ती म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे. एका ठिकाणी बोटवाल्याने पावाचा तुकडा हातात धरायला दिला. खालून एका माशाने नेम धरून पिचकारी मारली, ती थेट साडूभाऊंच्या चष्म्यावर. चष्मा पुसता पुसता म्हणाले, "पण कोयनेच्या शिवसागर जलाशयाची शोभा वेगळी." आजही फोनवर 'तुमचं ते तळं' असंच म्हणतात.

परतताना ड्युरॅक या तिथल्या जुन्या पशुपालक कुटुंबाचं घर जरूर बघा. पाणी चढायच्या आधी दगडांवर नंबर घालून ते उतरवलं आणि वर आणून पुन्हा बांधलं. तिथल्या मूळ रहिवासी मिरिवुंग लोकांच्या जागा मात्र तशाच पाण्याखाली गेल्या. कोयनाकाठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या घरात साडूभाऊ बराच वेळ गप्प होते, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवतो.

तुमचं म्हणाल तर कुनुनुराहून अंतर सत्तरेक किलोमीटर, रस्ता डांबरी, आई-बाबांना जड जाणार नाही. मगरी हजारोंनी आहेत, पण गोड्या पाण्यातल्या, बुजऱ्या. लोक बिनधास्त पोहतात. मी उतरलो नाही.

हे सगळं मे ते सप्टेंबरसाठी. ऑक्टोबरपासून पारा चाळिशी गाठतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. तिकडच्या पावसाळ्यात (साधारण नोव्हेंबर ते एप्रिल) बोट आणि ते घर चालू आहे का, हे आधी फोन करून विचारा. आणि बरोबर कोणी कोयना-कोयना करणारं असेल, तर पाव त्याच्याच हातात द्या.