सातेरीची रोयण आणि पदार्थातली जाणीव

तुम्ही विचारलंय की गोव्यात आपण मातीची रोयण, म्हणजे वाळवीचं वारूळ, सातेरी म्हणून पुजतो, म्हणजे सगळ्या पदार्थांत चेतना असते हे पूर्वजांना ठाऊक होतं का? आणि जगदीशचंद्र बोसांनी तेच सिद्ध केलं ना?

बोसांचं आधी सांगतो. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी दाखवलं की धातूही विद्युत प्रतिसाद देतो, तो प्रतिसाद थकतो, विषाने मंदावतो. प्रयोग फार सुंदर. पण प्रतिसाद मिळाला म्हणजे धातूला काही जाणवलं, असं होत नाही. सिद्ध काहीच झालेलं नाही.

तरीही ही कल्पना उडवून लावण्यासारखी नाही. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, विद्युतभार म्हणजे तो इतरांशी कसा वागतो याचा हिशेब. तो आतून काय आहे, यावर भौतिकशास्त्र गप्प. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९२७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. आपल्याला आतून ठाऊक असलेली एकच गोष्ट म्हणजे स्वतःचा अनुभव. मग पदार्थाचं अंतरंगही त्याच जातीचं असेल का, हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

घोडं अडतं ते पुढे. रोयणीचा कोपरा फुटला की आतल्या वाळव्या लाळेत कालवलेला मातीचा एकेक कण आणून भगदाड बुजवतात. वाळवीला इवलासा का होईना, मेंदू आहे. तिला काही जाणवत असेलही. म्हणून अख्ख्या रोयणीला जाणवतं का? मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच हे मांडलं होतं: बारा शब्दांचं वाक्य बारा जणांत एकेक शब्द करून वाटा, त्यांना कितीही दाटीने उभं करा, पूर्ण वाक्य कुणाच्याच मनात नसतं. कणाकणात जाणीव मानली तरी त्यातून एक 'मी' कसा घडतो, याचं पटेल असं उत्तर मी अजून वाचलेलं नाही. म्हणूनच चिरा विचार करतो असं हा पक्ष मांडणारेही सहसा म्हणत नाहीत.

नुसता ढीग मेंदूतही पुरत नाही. माणसाच्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या छोट्या मेंदूत असतात. त्याला इजा झाली तर तोल जातो, बोलणं अडखळतं, पण जाणीव शाबूत राहते. म्हणजे सगळी मदार रचनेवर दिसते.

पूर्वजांचं म्हणाल, तर सातेरी ही भूमीची देवी. त्या भक्तीवर इलेक्ट्रॉनचा सिद्धांत लादू नये, असं मला कळकळीने वाटतं. आपल्या परंपरेत या प्रश्नाला थेट भिडतात ते ज्ञानदेव, आणि तेही उलट्या टोकाने. त्यांच्या चिद्विलासाच्या विचारात कणांची बेरीज नाहीच; चैतन्य एकच, जग हा त्याचा विलास. बेरजेचा पेच सुटतो, पण मग तुमचं दुखणं मला का दुखत नाही, ते सांगावं लागतं. मला हा पेच अधिक मोलाचा वाटतो. ज्ञानदेवांचा 'अमृतानुभव' हाती घ्या, पण रोज चार-पाच ओव्यांपेक्षा जास्त वाचू नका.