फ्रीजरला नळ बसवायचाय? आधी ड्रिल खाली ठेवा!

प्रश्न : काका, माझा धाकटा भाऊ बारा वर्षं अमेरिकेत पोर्टलंडला होता, मागच्या दिवाळीत कायमचा परत आला आणि सामानातून १९ लिटरचे दोन स्टीलचे केग (म्हणजे दाबाखाली पेय भरून ठेवायच्या टाक्या), नळ, रेग्युलेटर, नळ्या असं सगळं घेऊन आलाय. आता त्याला बिबवेवाडीत आमच्या गच्चीवरच्या खोलीत ‘कीझर’ करायचाय, म्हणजे आडव्या डीप फ्रीजरमध्ये बिअरचे केग ठेवायचे आणि बाहेर नळ काढायचे. आईच्या उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी असायच्या तेव्हाचा फ्रीजर पडूनच आहे. भाऊ म्हणतो पुढच्या पत्र्याला दोन भोकं पाडली की झालं, शनिवार-रविवारचं काम. एवढं सोपं असतं का हो?

उत्तर : भावाला सांगा, ड्रिल खाली ठेव. बाकीचं नंतर बोलू.

जुन्या उभ्या फ्रीजला मागे ती काळी जाळी असायची ना, तशी जाळी आडव्या फ्रीजरला दिसत नाही, कारण त्याच्या गॅसच्या नळ्या भिंतींच्या आतच फिरवलेल्या असतात, आतल्या पत्र्यामागे गार करणाऱ्या आणि बहुतेक मॉडेलमध्ये बाहेरच्या पत्र्यामागे गरम होणाऱ्या, मधे फोम. बाहेरून कळतच नाही कुठे काय आहे ते. मी स्वतः हा उद्योग केलाय. नुसतं पाव इंचाचं भोक पाडायचं होतं, थोपटून बघितलं, इथे पोकळ वाटतंय म्हणून ड्रिल घातलं आणि स्स्स्स... सायकलची ट्यूब पंक्चर झाल्यासारखा आवाज, दोन मिनिटांत सगळा गॅस हवेत. मेकॅनिक आला, टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, साहेब आता याच्यात धान्य भरा. आज त्यात आंबेमोहोर आहे, उंदीर लागत नाहीत हा एक फायदा. शिवाय हल्लीच्या बऱ्याच फ्रीजरमध्ये आर६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेणारा गॅस आहे आणि ड्रिलच्या मोटरीत ठिणग्या उडत असतात, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका.

म्हणून जगभर लोक कॉलर करतात. झाकण काढायचं, फ्रीजरच्या काठावर बसेल अशी सात-आठ इंच उंचीची लाकडी चौकट करायची, वर झाकण परत बसवायचं, आणि जी काही भोकं पाडायची ती या लाकडाला. टिंबर मार्केटमधून दीड-दोन इंच जाडीची पाइनची पट्टी आणा, आतून थर्माकोल किंवा फोमची शीट चिकटवा, काठाला दाराची रबरी बीडिंग लावा. फ्रीजरच्या काठाला स्क्रू मारायचे नाहीत, सिलिकॉन सीलंट पुरतं. कॉलर फ्रीजरला चिकटवायची का झाकणाला यावर लोक भांडतात. मी झाकणाला लावतो, कारण भरलेला केग तेवीस-चोवीस किलोचा असतो आणि तो आठ इंच जास्त उचलायला लागला की कंबर दुसऱ्या दिवशी हिशेब मागते. पण नळांसकट झाकण जड होतं, बिजागरीच्या स्प्रिंगा दमतात, म्हणून एका बाजूला साखळी लावून ठेवा, नाहीतर डोक्यात बसेल.

त्याच्याही आधी एक काम करा. पुठ्ठ्याच्या नऊ इंच व्यासाच्या दोन चकत्या कापा आणि फ्रीजरच्या तळाशी ठेवून बघा. एका कोपऱ्यात कंप्रेसरची पायरी असते, ती जागा खाते. केग साधारण पंचवीस इंच उंच, वर नळ्यांच्या कनेक्टरला तीनेक इंच धरा. फ्रीजर किती लिटरचा आहे त्याला इथे काही अर्थ नाही, चकती बसली तर केग बसेल.

आता मुख्य मुद्दा. मोदकांसाठी तो फ्रीजर उणे १८ ला चालायचा. तुम्हाला हवंय ३ ते ४ अंश, आणि तेही वर-खाली सारखं. कीझर करायचा म्हणजे खरं तर फ्रीजरला फ्रीजरपणा करू द्यायचा नाही, सगळं डोकं तिथे लागतं, नळ पितळी का स्टीलचा हा नंतरचा शौक. तुमचा फ्रीजर कन्व्हर्टिबल असेल, म्हणजे कूलर मोडवर चालत असेल, तर निम्मं काम झालं. नसेल तर तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन डिजिटल टेंपरेचर कंट्रोलर घ्या, एसटीसी-१००० म्हटलं की दुकानदाराला कळतं. फ्रीजरचा प्लग त्याच्यातून घ्यायचा, तो करंट चालू-बंद करतो. त्याचे टर्मिनल उघडे असतात, म्हणून नीट डब्यात बसवून अर्थिंगसकट इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या, आणि कंप्रेसर डिले पाच मिनिटांच्या खाली ठेवू नका, सारखा चालू-बंद होऊन कंप्रेसर मरतो. सेन्सर हवेत लोंबकळत सोडायचा नाही. हवा झाकण उघडलं की गरम, मिटलं की गार, तो बिचारा वेडा होतो. केगला चिकटपट्टीने लावा आणि वरून थोडा फोम दाबा. वायर आत न्यायला तळाशी पाणी काढायचं भोक असतं ना बुचाचं, ते वापरा, फ्रीजरला कंपनीने पाडून दिलेलं एकमेव सुरक्षित भोक तेच!

गार हवा खाली बसते, त्यामुळे तळाशी ३ अंश असताना वर कॉलरपाशी ८-९ असतात, मी थर्मामीटर टांगून बघितलंय. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा तळाशी ठेवून हवा वर फेका, फरक जातो.

आता गॅस. पेय फसफसतं ठेवायला आणि केगमधून नळापर्यंत ढकलायला तो लागतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर फूड ग्रेड भरून घ्या, आणि खांद्यावर टेस्टची तारीख बघा, दर पाच वर्षांनी प्रेशर टेस्ट लागते. गच्चीवरची खोली पत्र्याची असेल तर सिलेंडर फ्रीजरच्या बाहेर ठेवूच नका. त्यातलं प्रेशर २० अंशांना साधारण ५७ बार असतं, ३० ला ७२ च्या आसपास, आणि पुण्याचा एप्रिल तुम्हाला मी सांगायला नको. कंप्रेसरच्या पायरीवर आतच उभा करा. आत गार झाला की गेजचा काटा ८३० पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचंच दुसरं माप, ८३० म्हणजे तेच ५७ बार) ५६० च्या आसपास येतो, मग लोक घाबरून मला फोन करतात की गॅस गळला. नाही गळला. किती उरलाय ते काट्यावर कळत नाही, सिलेंडर वजन करून बघायचा, घरच्या गॅससारखंच. आणि सगळे जोड साबणाच्या फेसाने तपासा, बुडबुडा आला की गळती. हे मनापासून करा, कारण २ किलो गॅसचा हजार लिटरच्या वर वायू होतो, १० बाय १० च्या बंद खोलीत तो सगळा पसरला तर हवेत ४ टक्के भरतो, आणि अमेरिकेतली कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी निओश ही सरकारी संस्था तेवढ्याला जिवाला तत्काळ धोका धरते. हा वायू जड असतो, उघड्या फ्रीजरच्या तळाशी साचून राहतो. जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे ते उगाच नाही. तळ पुसायला वाकायचं असेल तर आधी झाकण उघडं टाकून, पंखा लावून चहा पिऊन या.

राहिला प्रश्न आत काय भरायचं, आणि इथे भाऊ नाराज होणार. अमेरिकेत घरी पिण्यापुरती बिअर बनवायला १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक दिली, त्यातून हा सगळा छंद फोफावला. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, विनापरवाना घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, आणि ‘पण मी विकत नाहीये’ ही सबब नाही. बाटल्या आणून केगमध्ये ओतायचा विचार असेल तर तोही सोडा, ओतताना हवा मिसळते, गॅस उडतो, चार दिवसांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. ताजी ड्राफ्ट प्यायचीच असेल तर पुण्यात मायक्रोब्रुअरी काय कमी आहेत, २००९ पासून सुरू आहे हे प्रकरण.

पण भावाला एक सांगा. ते केग मुळात बिअरचे नाहीतच. ते कोल्ड्रिंकवाल्यांचे, पेप्सी-कोकवाले त्यात सिरप भरून हॉटेलांना द्यायचे, पुढे सिरप खोक्यातल्या पिशवीत यायला लागलं तसे जुने केग भंगारच्या भावात निघाले आणि घरी बिअर करणाऱ्यांनी उचलले. म्हणजे सोडा भरलात तर केग माहेरी आल्यासारखाच. माझ्या एका नळाला साधा सोडा आहे, दुसऱ्याला आलं-लिंबू, आणि आमच्या सोसायटीत गणपतीच्या दहा दिवसांत माझ्याइतका लोकप्रिय माणूस नसतो.

प्रश्न : तुमचं मागे वाचून मी कोकम सोड्याचा नळ केला, फ्रीजर ४ अंशांवर, प्रेशर ३० पीएसआय. पण ग्लासात नुसता गुलाबी फेस, निम्मा ग्लास फेकायला लागतो. किती अंशांना किती प्रेशर हे सांगणारा अमेरिकेतला चार्ट बघूनच ठेवलंय. काय चुकतंय? – पिंपळे सौदागर

उत्तर : नळी केवढी आहे ते लिहिलंच नाहीत, पण मी पैज लावतो पाच-सहा फूट असेल. नळी म्हणजे नुसता रस्ता नाही, तो ब्रेक आहे. केगमधलं प्रेशर नळीत घासत घासत कमी व्हायला पाहिजे आणि ग्लासात धार शांत पडायला पाहिजे. पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी घ्या, बिअरला १०-१२ पीएसआय असतं तिथे दहा फूट पुरते, तुम्हाला ३० वर पंचवीस-तीस फूट लागेल. गुंडाळी करून केगवर ठेवून द्या. प्रेशर कमी करून फेस थांबवायला जाऊ नका, दोन दिवस बरं वाटतं आणि मग सोडा पाणचट होतो.

दुसरं म्हणजे कोकम. आगळ गाळलंत का? नुसत्या चाळणीने नाही, पंचाच्या दुहेरी कापडातून. गराचा बारीक कण दिसला की गॅसचा बुडबुडा त्याच्याभोवती धरतो, शिवाय तोच कण कनेक्टरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकून धार फाटते. मीठ-जिरेपूड केगमध्ये घालायची नाही, ती ग्लासात. आणि फक्त पहिल्याच ग्लासला फेस येत असेल तर तुमचा नळ गरम आहे, पंख्याचा झोत वर कॉलरकडे वळवा.

चार्टचं म्हणाल तर ते समुद्रसपाटीचे असतात. पुणे ५६० मीटरवर आहे, बाहेरची हवा थोडी विरळ, आणि गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेतच आकडा दाखवतो, म्हणून इथे चार्टपेक्षा जेमतेम १ पीएसआय जास्त ठेवायचं असतं. पण तुमच्या फेसाचा दोष त्याच्यावर ढकलू नका.

प्रश्न : ऑफिसचा जुना आग विझवायचा सिओटू सिलेंडर फुकट मिळतोय. वापरू का? – हडपसर

उत्तर : नको. त्यात आत तळापर्यंत नळी असते, वायूऐवजी द्रव बाहेर येतो, रेग्युलेटरची वाट लागेल. फुकट ते पौष्टिक हे इथे चालत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात कॉलरच्या आतल्या लाकडाला काळी बुरशी आली, वासही येतोय. – धायरी

उत्तर : येणारच. झाकण उघडलं की सिंहगडावरून आलेली ती सगळी ओल आत जाते आणि गार भिंतीवर पाणी होऊन तळाशी उतरते. लाकूड पुसून पूर्ण वाळवा, पॉलिश पेपर मारा, मग पॉलियुरेथेनचे दोन हात द्या, आतल्या बाजूला पण, सगळे बाहेरून चकाचक करतात आणि आत कोरं सोडतात. कपाटात ठेवायचे ते ओल शोषणारे डबे मिळतात, तसे दोन आत ठेवा आणि भरले की बदला. वास मात्र लाकडाचा नसेल असं मला वाटतंय, नळाच्या तोंडात बोट घालून बघा. चिकट लागलं तर नळ सोडवून गरम पाण्यात धुवा, केग बदलताना प्रत्येक वेळी नळीतूनही क्लीनर आणि मग साधं पाणी फिरवा. तुमच्या आधी चिलटांना कळलेलं असतं.