बाईंना विचारा : ‘समजा, तू 1900 साली जन्मला असतास...’

प्रश्न : बाई, माझा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. नातू तिथलाच, 19 वर्षांचा, कॉलेजात आहे. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर तो ह्यांना म्हणाला, “आजोबा, मी हे सगळं कशासाठी शिकतोय तेच कळत नाही.” ह्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर आलेला एक मजकूर त्याला वाचून दाखवला. समजा, तू 1900 साली अमेरिकेत जन्मलास. चौदाव्या वर्षी पहिलं महायुद्ध, अठराव्या वर्षी फ्लूची साथ, एकोणतिसाव्या वर्षी महामंदी, चाळिशीत दुसरं महायुद्ध, पन्नाशीत कोरिया, पुढे व्हिएतनाम. तरी ती माणसं कुरकुरली नाहीत, आणि तुम्हाला एसीत बसून उदास वाटतं! तेव्हापासून नातू नुसतं ‘हाय’ म्हणून कॅमेऱ्यासमोरून उठून जातो. हे म्हणतात, खरं बोललं की लागायचंच. ह्यांचं बरोबर आहे का?
— एक आजी, मुलुंड

उत्तर : वयाने आपण सारख्याच असू, म्हणून ताईच म्हणते. ताई, तो मजकूर माझ्याही फोनवर वरचेवर येतो, आणि जन्मभर इतिहासाचे पेपर तपासल्यामुळे दर वेळी माझे हात लाल पेनासाठी शिवशिवतात.

आधी हिशेब लावू. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली 1917 च्या एप्रिलमध्ये. सक्तीच्या भरतीचं वय अठरापर्यंत खाली आणलं ते 1918 च्या ऑगस्टअखेर, आणि 11 नोव्हेंबरला युद्ध संपलंसुद्धा. म्हणजे 1900 साली जन्मलेल्या मुलाची तयारी होईतो तोफा थंडावल्या होत्या. 1941 साली जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेली, तेव्हा तो एक्केचाळिशीचा. तेव्हा लढली ती मुख्यतः विशी-पंचविशीतली पोरं. व्हिएतनामात अमेरिकेने मोठं सैन्य उतरवलं तेव्हा ह्या गृहस्थांना पेन्शन लागायची वेळ आली होती. मजकूर लिहिणाऱ्याने तीन पिढ्यांचं ओझं एकाच हमालाच्या डोक्यावर दिलं आहे.

आणि कुरकुरली नाहीत म्हणे! दुसऱ्या महायुद्धात 1 कोटी 60 लाख अमेरिकन सैन्यात होते. त्यातले सुमारे 1 कोटी सक्तीच्या भरतीने आलेले. मांस आणि पेट्रोल काळ्या बाजारात मिळत होतं. ऐन युद्धात, 1943 साली, कोळसा खाणीतले सुमारे पाच लाख कामगार संपावर गेले. माणसं होती हो ती, पुतळे नव्हते.

हाल मात्र खरे होते, ते कमी लेखून चालणार नाही. 1933 साली तिथे दर चार कामगारांत एक बेकार होता. सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला 1935 ला, त्यामुळे तोवर हक्काचा सरकारी आधार असा जवळजवळ नव्हताच. शहरांत फुकट पावासाठी रांगा, आणि 1933 सालीच शेतमालाचे भाव सावरावेत म्हणून सरकारने साठेक लाख डुकराची पिल्लं मारायला लावली. एका बाजूला भूक आणि दुसऱ्या बाजूला हे. वर्गात हे सांगितलं की मुलं म्हणायची, “बाई, असं कसं?” त्यांना पटेल असं उत्तर मला कधी सापडलं नाही.

पण तुमच्या नातवाचा प्रश्न हालांचा नाहीच. तो विचारतोय, ‘कशासाठी?’ तिथे मला त्याच 1933 सालातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि महिन्याभरातच बेकार तरुणांसाठी ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’ उभी राहायला लागली. घरची गरिबी असलेला अठरा ते पंचविशीतला मुलगा घ्यायचा, त्याला लष्करी पद्धतीच्या तळावर बूट, कपडे, तीन वेळचं जेवण द्यायचं आणि जंगलात कामाला लावायचं. झाडं लावा, बांध घाला, रस्ते काढा, वणवे विझवा. पगार महिना 30 डॉलर. त्यातले 25 थेट घरी आईबापांकडे जात, 5 त्याच्या हातात. 1942 पर्यंत सुमारे 30 लाख मुलं ह्यातून गेली आणि 300 कोटींच्या आसपास झाडं लागली. मला त्या 25 डॉलरचं फार वाटतं. आदल्या महिन्यापर्यंत घरात खाणारं तोंड होता तो, आता त्याच्या नावाने घरी मनीऑर्डरसारखे पैसे येत होते. त्याला ‘कशासाठी’ हे वेगळं शोधावं लागलं नाही. कुणीतरी बोलावलं आणि काम हातात दिलं.

युद्धात हेच घरोघर झालं. 1942 पासून बायकांना सांगितलं गेलं की मांस भाजल्यावर तव्यात उरलेली चरबी फेकू नका, गाळून डब्यात भरा आणि खाटकाकडे नेऊन द्या. तिच्यातून ग्लिसरीन निघायचं आणि ते स्फोटकांना लागायचं. पौंडाला चार सेंट मिळत, पुढे रेशनचे पॉइंटही मिळायला लागले. त्या चरबीने युद्ध किती पुढे सरकलं ते सोडा. पण मुलगा पॅसिफिकमध्ये आणि आई स्वयंपाकघरात डबा भरतेय, म्हणजे तिलाही बोलावणं होतंच.

आता 2001 आठवा. जुळे मनोरे पडल्यानंतर, 27 सप्टेंबरला बुश शिकागोच्या विमानतळावर बोलले. विमानाने फिरा, फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला जा, हा त्यातला सल्ला होता. विमानकंपन्या बसल्या होत्या, त्यामुळे सल्ल्यामागचं कारण समजू शकतं. पण अफगाणिस्तान आणि इराकला गेली ती आपणहून भरती झालेली मूठभर मुलं, आणि बाकी देशाकडे कुणी काही मागितलंच नाही. त्याच पिढीने पुढे 2009 च्या ऑक्टोबरमध्ये 10 टक्के बेकारी पाहिली, तीही शिक्षणाच्या कर्जासकट. तुमच्या नातवाच्या वयाच्या मुलांची शाळा कोविडने घरात कोंडली. त्या देशात 11 लाखांहून जास्त माणसं गेली. त्याआधी, बंदूकधारी शाळेत शिरला तर दिवे घालवून कोपऱ्यात गप्प कसं बसायचं, ह्याची कवायत ती लहानपणीच शिकली होती. तुमच्या यजमानांनी असली कवायत कधी केली होती का, विचारा. 2023 मध्ये बायडन सरकारने तरुणांसाठी हवामानाच्या कामाची एक योजना जाहीर केली. सुरुवातीचं लक्ष्य 20 हजार मुलांचं होतं. जानेवारी 2025 मध्ये तीही गुंडाळली.

हे मी पुस्तकातलंच बोलतेय असं वाटेल, म्हणून घरचं सांगते. मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील मिलमध्ये साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. घरात आईच्या बांगड्या गेल्या, मग तांब्याचा बंब गेला. पण वडील पहिल्या पाळीच्या वेळेलाच उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा सदरा घालून सभेला नाहीतर गेटवर जायचे. त्यांना बोलावणं होतं. माझा धाकटा भाऊ तेव्हा एकोणीसचाच, ‘बदली’त, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागायच्या बेतात होता. तो दिवसभर गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा असायचा, आणि येणारा-जाणारा त्याला विचारायचा, “काय रे, काय करतोस सध्या?” एकच खोली, एकच उपास. वडिलांची त्या दिवसांत पाठ ताठ होती आणि भाऊ मिटत गेला. भाऊ कमअस्सल होता असं म्हणायची माझ्यासमोर कुणाची छाती नाही. त्याच्या वाट्याला पंचवीस डॉलर घरी धाडणारी कुठली छावणी आली नाही, एवढंच. पुढे तो कुरियरला लागला आणि सावरला, पण ती वर्षं गेली ती गेलीच.

तिकडेही बोलावणं सगळ्यांना सारखं नव्हतं, हेही यजमानांच्या कानावर घाला. त्या जंगलातल्या तळांवर मुली नव्हत्या आणि काळ्या मुलांचे तळ वेगळे होते. युद्धात सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना, बहुतेक अमेरिकेचेच नागरिक असताना, काटेरी तारांच्या आड ठेवलं. त्यांच्यातलीच मुलं 442 व्या रेजिमेंटमधून युरोपात लढली. ‘ती पिढी’ म्हणताना कुठला मुलगा डोळ्यांसमोर आहे, ते आधी ठरवावं लागतं.

तर ताई, ह्यांचं बरोबर नाही. नातवाला कॉल कराल तेव्हा मंदी-महायुद्ध नको. त्याला विचारा, की तुझ्यावाचून अडेल असं तिथे काही आहे का? न्यू जर्सीत गावोगावी रुग्णवाहिकेची आणि आगीच्या बंबाची स्वयंसेवक पथकं आहेत, शिकवून तयार करतात. आणि यजमानांना म्हणावं, तुम्हीही त्याच्याकडे एखादं काम मागा. गावच्या घराचे जुने कागद स्कॅन करून नीट लावून दे म्हणावं. उपदेशाला मुलं कंटाळतात, कामाला सहसा नाही म्हणत नाहीत.

प्रश्न : मिलेनियल, जेन झी वगैरे जन्मवर्षांवरून पाडलेले पिढ्यांचे कप्पे आपल्याला लागू होतात का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : ओढूनताणून. बूमर म्हणजे 1946 ते 1964 मध्ये जन्मलेले अमेरिकन, कारण दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्यांची लग्नं झाली आणि तिथे त्या काळात 7 कोटी 60 लाखांच्या आसपास मुलं जन्मली. आपल्याकडे 1946 साली असं काही घडलं नव्हतं. आपले कप्पे 1972 च्या दुष्काळाने, 1991 च्या आर्थिक बदलांनी पाडावेत. गिरणगावात तर अजून ‘संपाआधी’ आणि ‘संपानंतर’ एवढं पुरतं.

प्रश्न : बाई, इन्स्टावर सगळे म्हणतात की अमेरिकन बूमर लोकांना सगळं आयतं मिळालं. स्वस्त कॉलेज, स्वस्त घर, पक्की नोकरी. हे खरं ना?
— एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : अर्धं खरं. कॉलेज स्वस्त होतं, ह्यात वाद नाही. घराचं म्हणशील तर 1981 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे गृहकर्जाचा दर 18 टक्क्यांवर होता, आणि नेमके तेव्हाच त्यांच्यातले बरेच जण घर शोधत होते. त्यातल्या थोरल्यांचं लहानपण पोलिओच्या भीतीत गेलं. 1952 या एका वर्षात 50 हजारांहून जास्त रुग्ण झाले; लस आली 1955 ला.

आणि 1 डिसेंबर 1969 ची, सक्तीच्या भरतीच्या सोडतीची रात्र बघ. काचेच्या मोठ्या भांड्यात 366 निळ्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. टीव्हीवर सगळ्या देशादेखत एकेक काढली गेली. पहिली निघाली 14 सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेल्या, 19 ते 25 वयाच्या मुलांचा व्हिएतनामसाठी पहिला नंबर. कुप्या नीट ढवळल्याच नव्हत्या, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेली मुलं जास्त सापडली, हे नंतर आकडेतज्ज्ञांनी दाखवून दिलं. कॉलेजात नाव असलं की भरती पुढे ढकलता येई, म्हणून झळ लागली ती मुख्यतः गरिबांच्या आणि कामगारांच्या पोरांना. सुमारे 58 हजार अमेरिकन परत आले नाहीत.

हेही सरकारचंच बोलावणं होतं, 1933 सारखंच. पण ह्यात कशासाठी जायचं ते बोलावणाऱ्यालाही धड सांगता येत नव्हतं. एकविशीच्या आत मतदानाचा हक्कसुद्धा बहुतेक राज्यांत नव्हता. अठराव्या वर्षी मत मिळालं 1971 च्या घटनादुरुस्तीने. त्या वयात तू असतास तर त्या रात्री टीव्हीसमोर बसून काय केलं असतंस, ते कळव. पुढच्या अंकात छापू.