किट मागवण्याआधी चुंबक लाव

सेकंडहँड सिल्व्हराडो १५००, म्हणजे शेव्हरोलेटचा पिकअप ट्रक, घेतलीस, छान केलंस. लिफ्ट किटची (गाडी उंच करणाऱ्या सुट्या भागांच्या संचाची) ऑर्डर मात्र आज देऊ नकोस. २०१४ ते २०१८ च्या या गाड्यांत पुढचे कंट्रोल आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे, वरखाली हलणारे दांडे) तीन प्रकारचे आले: ओतीव ॲल्युमिनियम, प्रेस केलेला पत्रा आणि ओतीव स्टील. नुसत्या वर्षावर भरवसा ठेवू नकोस. चाकामागे हात घालून आर्मला चुंबक लाव. चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम. चिकटलं तर हातोडीने हलकं ठोकून बघ: पत्र्याचा आवाज पोकळ येतो, ओतीव स्टीलचा भरीव, बद्द. प्रत्येक प्रकाराचे बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाचा भाग जोडणारे गोलाकार सांधे) वेगळे, म्हणून किटही वेगळं.

ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. चाकाबरोबर वरखाली होणारं वजन घटलं की खडबडीत रस्त्यावर टायर जमीन धरून राहतो. मला तेच आवडतं. पण जोरात आदळलं तर प्रेस केलेलं स्टील बहुधा वाकतं, डोळ्यांना दिसतं. ओतीव ॲल्युमिनियमला बारीक तडा जाऊ शकतो, तो चिखलाखाली लपतो. म्हणून धुऊन तपास. तापवून सरळ करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती तो आर्म अजिबात देऊ नकोस, नवाच बसव.

रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागात राहतोस ना? मग ॲल्युमिनियममधले स्टीलचे बोल्ट घट्ट धरून बसलेले असतील. आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेव.