मुलाला घरच्या कॉम्प्युटरवर ठरावीकच प्रोग्राम वापरू द्यायचे, कसं करू? (विंडोज ११ होम, मुलगा सातवीत, जळगाव)

भाऊ, आधी पोराला तुमच्या खात्यावरून उठवा. ॲडमिन खातं (सगळे अधिकार असलेलं) तुमच्याकडेच ठेवा. पासवर्डला मोबाइलचा नंबर नको, पोरं तोच आधी टाकून बघतात. सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मध्ये 'फॅमिली'त जाऊन त्याचं वेगळं चाइल्ड खातं उघडा. मग मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी या ॲपमध्ये तुमच्या मोबाइलवरूनही एकेक गेम ब्लॉक करता येतो, नाहीतर त्याला वेळ बांधून देता येते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारभर पोऱ्या घरातच. तेव्हा वेळेची मर्यादाच जास्त कामाला येते.

खरी पळवाट वेगळीच आहे. काही प्रोग्राम ॲडमिन पासवर्ड न मागता थेट त्याच्या स्वतःच्या फोल्डरात इन्स्टॉल होतात. म्हणून 'ॲप्स'च्या प्रगत सेटिंगमध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा पर्याय निवडा. वेबसाइटची गाळणी एज (मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर) मध्येच चालते, तेव्हा बाकीचे ब्राउझर बंदच ठेवा.

ग्रुप पॉलिसी (विंडोजवर नियम-बंदी लावायची सोय) वापरा असं कुणी सांगेल. होम आवृत्तीत तिचा एडिटरच येत नाही, त्या भानगडीत पडू नका.