कार्डावर 'बी' आहे, 'ए' नाही

ताई, तुमचा प्रश्न असा: डिचोलीच्या आरोग्य केंद्रातून मिळालेल्या कार्डावर हिपॅटायटिसची, म्हणजे विषाणूमुळे यकृताला सूज येऊन होणाऱ्या काविळीची, लस दिल्याची नोंद आहे, मग डॉक्टर 'हिपॅटायटिस ए'ची लस वेगळी का सांगतात? सासूबाई तर म्हणतात, लहानपणची कावीळ आपोआप बरी होते.

कार्डावरची लस 'बी'ची. तो विषाणू रक्तातून, बाळंतपणात आईकडून येतो. 'ए' येतो दूषित पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांतून. 'ए'ची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, म्हणून ती विकत घ्यावी लागते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना हा आजार झाल्याचं कळतसुद्धा नाही. पण तेच मूल शौचावाटे विषाणू बाहेर टाकत राहतं आणि घरातल्या मोठ्यांना तो गाठतो. वय वाढेल तसा आजार जड जातो. पूर्वी गावात सगळ्यांनाच तो लहानपणी होऊन जायचा. आता घरोघरी नळ आणि शौचालय आलं, त्यामुळे मुलं लहानपणी वाचतात आणि कॉलेजात गेल्यावर सापडतात. माझा भाचा एकोणिसाव्या वर्षी सापडला. ऐन चवथीत नेवऱ्या तळण्याच्या वासानं त्याला उमासे येत होते, लघवी काळ्या चहासारखी. गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली उभा राहिला तेव्हा कुणाच्यातरी लक्षात आलं की डोळे पिवळे झालेत. यावर औषध नाही, फक्त विश्रांती. पुढचे दोन महिने त्याचे अंथरुणातच गेले. क्वचित कुणाचं यकृतच निकामी होतं.

इस्रायलने १९९९पासून फक्त लहान मुलांना सरकारी लस दिली आणि मोठ्या माणसांतलाही आजार जवळजवळ नाहीसा झाला. अर्जेंटिनाने २००५मध्ये एकाच डोसवर सुरुवात केली, तिथे यकृत निकामी होऊन दाखल होणारी मुलं दिसेनाशी झाली. आपल्याकडेही ती सरकारी कार्डावर यावी, असं मला मनापासून वाटतं. आज ज्याला परवडते त्याचंच मूल वाचतं.

लस दोन प्रकारची. निष्क्रिय विषाणूची असेल तर पहिल्या वाढदिवसानंतर एक डोस आणि सहा महिन्यांनी दुसरा. जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असेल तर एकच पुरतो. कुठली दिली ते नावासकट कार्डावर लिहून घ्या. बाळ १४ महिन्यांचं आहे ना? मग पावसाआधी, मे महिन्यातच द्या, म्हणजे दुसरा डोस तुळशीच्या लग्नाच्या सुमारास येईल. आणि विहिरीचं पाणी लस दिल्यावरही खळखळून उकळूनच प्या.