घराला कुलूप, तरी तीस युनिट

प्रश्न : सर, नमस्कार. मे महिन्यात आम्ही दोघं वीस दिवस मुलीकडे नाशिकला गेलो होतो. घराला कुलूप. फ्रीज रिकामा करून बंद केलेला, गिझरचंही बटण बंद. बाहेरगावी जाताना आणि आल्यावर मीटरचा फोटो काढायची यांना सवय आहे. दोन फोटोंत तीस युनिटांचा फरक निघाला! चालू होतं ते एवढंच : देवघरातला लाल झिरोचा बल्ब, इन्व्हर्टर, वाय-फायचा राऊटर आणि दारातला कॅमेरा. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केले होते. शेजारच्या वहिनी म्हणतात, प्लगमध्ये राहिलेल्या मोबाईलच्या चार्जरनं घात केला. यांना वाटतं, मीटरच पळतोय. एरवी महिन्याला आमचे १३० च्या आसपास युनिट पडतात. तक्रार करावी का?
– एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तक्रारीआधी एक भागाकार करू. वीस दिवसांचे ४८० तास. तीस युनिट म्हणजे ३०,००० वॅट-तास. भागाकार येतो साडेबासष्ट वॅट. पूर्वी आपल्या घरात साठचा पिवळा बल्ब असायचा, तसा एक बल्ब वीस दिवस रात्रंदिवस जळत राहिला असं समजा. तुम्ही दिलेल्या यादीत तेवढा भार आहे.

सगळ्यात आधी देवघर. झिरोचा बल्ब नावाला झिरो. काचेचा, तारेचा जुना बल्ब असेल तर तो १५ वॅट घेतो. जुन्या मीटरची चकती एवढ्याशा भाराला हलायची नाही, म्हणून त्याला झिरो नाव पडलं, असं आमच्या धंद्यात सांगतात. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आईच्या देवघरात असाच लाल बल्ब होता. तो तिनं कधी विझू दिला नाही. एकदा तो बदलायला गेलो तर चिमटीत धरवेना इतका तापलेला. तेव्हा हातातच कळलं की हा काही झिरो नव्हे. त्या जागी अर्ध्या वॅटचा लाल एलईडी लावला. आईला पहिले दोन दिवस उजेड वेगळा वाटला, मग सवय झाली. तुम्हीही देवापुढचा दिवा विझवू नका, फक्त बल्ब बदला. शंभर रुपयांच्या आत काम होतं आणि वर्षाला सव्वाशे युनिट वाचतात.

दुसरा सेट-टॉप बॉक्स. माझ्याकडे प्लगमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर आहे. घरचा बॉक्स त्यावर लावला : चालू असताना १२ वॅट, रिमोटनं बंद केल्यावर ११. रिमोटनं फक्त समोरचा दिवा बदलला, आतलं काम सुरूच होतं. सगळे बॉक्स असे नसतात, पण जुने बहुतेक असेच. त्याचं बटण भिंतीवरच्या बोर्डातच बंद करायला हवं. टीव्हीचं तसं नाही. आजचा टीव्ही रिमोटनं बंद केल्यावर जेमतेम अर्धा वॅट घेतो.

राऊटर साधारण ९, कॅमेरा ५. घर बंद असताना हे दोन्ही चालू ठेवलेत ते बरोबरच केलंत. राखणीसाठी एवढी वीज द्यावी.

उरतो इन्व्हर्टर. लाईट गेली नाही तरी तो बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी थोडी थोडी वीज घेत राहतो आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर तापत राहतो. जुन्या यंत्राला वीस-बावीस वॅट सहज लागतात. बेरीज करा : १५, ११, ९, ५ आणि २२. झाले बासष्ट. हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत, तुमच्याकडे दोन-चार वॅट इकडेतिकडे होतील. वहिनींना सांगा, चार्जर निर्दोष आहे. मोबाईल न लावता तो प्लगमध्ये वर्षभर राहिला तरी दोन युनिटसुद्धा होत नाहीत.

तुमच्या यजमानांच्या शंकेसाठी मीटरपाशी उभं राहून एक गोष्ट बघा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा जवळच छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. तसा असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, चालू भार वॅटमध्ये मिळेल. फ्रीज, पंखे बंद करून फक्त यादीतल्या वस्तू चालू ठेवल्या तर दर अठरा सेकंदांनी एकदा दिवा लागला पाहिजे. मग घराचा मेन स्विच बंद करा. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर मात्र महावितरणकडे लेखी अर्ज द्या.

आता पैशाचं. एक वॅट वर्षभर सतत चालला की पावणेनऊ युनिट होतात. तुमचे साडेबासष्ट वॅट म्हणजे महिन्याला ४५ युनिट, एकूण वापराचा तिसरा हिस्सा. बिलात ० ते १०० आणि १०१ ते ३०० असे टप्पे असतात, दुसऱ्याचा दर बराच चढा. तुमचे १३० मधले वरचे तीस त्या महागड्या टप्प्यात पडतात. वर वहन आकार, म्हणजे वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचे पैसे, आणि १६ टक्के वीज शुल्क. झिरोचा बल्ब बदलला आणि बॉक्स रोज वीस तास बोर्डातून बंद ठेवला तर महिन्याला सतरा युनिट कमी होतील, आणि ते सगळे या वरच्या टप्प्यातलेच.

एक काळजी मात्र नक्की घ्या. हे वाचून पुढच्या खेपेला मेन स्विच पाडून गावाला जाल आणि इन्व्हर्टर चालूच राहील. मग तो बॅटरीवर तुमचा राऊटर आणि कॅमेरा चालवत बसेल आणि एक-दोन दिवसांत बॅटरी पार उतरेल. अशी उतरलेली बॅटरी पंधरा-वीस दिवस तशीच पडली की खराब होते, आणि नवी घ्यायची तर हजारो रुपये जातात. मेन पाडायचाच असेल तर बॅटरी पूर्ण भरू द्या आणि इन्व्हर्टरचं पुढचं बटणही बंद करा.

तुमचा इन्व्हर्टर किती वर्षांचा आहे ते पत्रात नाही. लाईट असताना, बॅटरी भरलेली असताना त्याच्या पेटीवर तळहात ठेवून बघा. चांगलीच गरम लागली तर मला यंत्राचं वय आणि मोजलेले सेकंद, दोन्ही लिहून पाठवा.